इलेक्टिव्हचा फॉर्म भरण्याआधी

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. एसवाय संपत आलं की कॉलेजात एक फॉर्म हातात पडतो. टीवायला कोणते ऐच्छिक विषय घेणार, मेजरबरोबर मायनर कोणता ठेवणार, तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणार की चौथं वर्ष करणार, हे सगळं त्या कागदावर लिहून द्यायचं असतं. मुदत थोडी असते. बरेच जण शेवटच्या दिवशी, शेजारच्याने काय भरलं ते पाहून भरतात. काहींच्या मनात आधीपासून एखादा शब्द घर करून बसलेला असतो: अॅस्ट्रोफिजिक्स, नॅनो, क्वांटम. फॉर्मवर तो दिसला की पुढचं वाचलंच जात नाही.

माझं सांगणं असं आहे की विषयाच्या नावावरून निवड करू नका. त्या विषयात काम करणारा माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करतो ते शोधून काढा. ते काम रोज करायला तुम्हाला आवडेल का, कंटाळवाण्या दिवशीसुद्धा त्यात मन रमेल का, एवढं स्वतःला विचारा. नावाची भूल वर्षभरात उतरते, काम मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं करायचं असतं.

खगोलशास्त्रापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिकडेच ओढली जातात. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. पुण्याहून सहल नेली तर त्या अँटेना पाहून कोणाचंही मन भरून येतं. पण तिथला संशोधक दिवसभर आकाशाकडे पाहत नसतो. त्याच्यासमोर आकड्यांचा प्रचंड साठा असतो. त्यात मोबाइल टॉवरचा, विजेच्या तारांचा, उपग्रहांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो ओळखून बाजूला काढायचा, उरलेल्यातून फूरिये रूपांतराने प्रतिमा तयार करायची, ती खरी आहे की आपल्याच चुकीतून उमटली आहे ते तपासायचं, पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं. लिनक्सवर पायथनचे प्रोग्रॅम लिहिण्यात महिनेच्या महिने जातात. संख्याशास्त्र पक्कं लागतं.

तारे पाहायची आवड आणि खगोलशास्त्रात काम करायची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही चांगल्याच. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, आणि त्यात डॉक्टर, बँक कर्मचारी, शिक्षक सगळे येत आले आहेत. आवड जपण्यासाठी पदवीचा विषय तोच असावा लागत नाही. उलट सिग्नल आणि नॉइजचा गुंता सोडवताना ज्याला जेवायची आठवण राहत नाही, त्याने कोणाचंही न ऐकता खगोलशास्त्र घ्यावं.

आणखी एक गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांत लेसरचा प्रकाश, आणि गुरुत्वीय लहर आली की भुजेच्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तो मोजायचा आहे. मूळ रचना मायकेल्सनच्या इंटरफेरोमीटरची, जो तुमच्यापैकी अनेकांच्या कॉलेजातल्या डार्करूममध्ये एका टेबलावर मावतो. आता विचार करा की अशा ठिकाणी कोणती माणसं लागतील. लेसर स्थिर ठेवणारी, निर्वात नळ्यांची गळती शोधणारी, आरशांवरच्या लेपांचा अभ्यास करणारी, जमिनीची कंपनं आरशापर्यंत पोहोचू न देणारी, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स बांधणारी, आणि अर्थात आकडे चाळणारी. गुरुत्वीय लहरींचं वेड असलेल्या मुलीने टीवायला ऑप्टिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तर ती आपल्या ध्येयापासून दूर गेली असं कोणी म्हणू नये. ती कदाचित सगळ्यात जवळच्या वाटेने चालली आहे.

इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन या विषयांबद्दल एक चुकीचा समज मुलांमध्ये पसरलेला दिसतो. ज्यांना 'खरं' फिजिक्स झेपत नाही ते इलेक्ट्रॉनिक्स घेतात, असा. हा समज काढून टाका. भौतिकशास्त्रातलं प्रत्येक मापन शेवटी एका व्होल्टेजपाशी येतं. तो व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये असेल, त्यावर मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण बसलेली असेल, तर सिद्धान्त कितीही येऊ दे, पुढे जाता येत नाही. या विषयात दिवस कसा जातो ते सांगतो. ब्रेडबोर्डवर सर्किट लावलं, चालत नाही. सप्लाय तपासला, ग्राउंड तपासलं, ऑप-अँप बदलला, तरी नाही. तासाभराने कळतं की एक वायर आतून तुटलेली आहे किंवा सोल्डर ड्राय आहे. पुष्कळांना या प्रसंगी चीड येते. काहींना मात्र नेमकं हेच शोधून काढायला आवडतं, घरातला बिघडलेला मिक्सरही ते उघडून बसतात. तुम्ही त्यांतले असाल तर तुमच्यासाठी जागा खूप आहेत. संशोधन प्रयोगशाळांत असे लोक कायम कमी पडतात आणि पुणे, चाकण, नाशिक, ठाण्याच्या कारखान्यांतही सेन्सर, कॅलिब्रेशन आणि टेस्टिंगची कामं असतात.

मटेरियल सायन्सचं आपल्याकडे मोठं काम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव थिन फिल्मच्या कामासाठी देशभर घेतलं जातं, आणि राज्यातल्या अनेक कॉलेजांत एम.एस्सी.चे प्रोजेक्ट याच विषयात होतात. कारण साधं आहे: भट्टी, स्पिन कोटर, स्प्रे पायरोलिसिसची जोडणी एवढ्यावर काम सुरू करता येतं. पण नॅनो हा शब्द ऐकून येणाऱ्यांनी कामाचं स्वरूप आधी समजून घ्यावं. रसायनं अचूक वजन करायची, खलात तासन्‌तास घोटायची, भट्टीत ठेवून रात्रभर थांबायचं, सकाळी सँपलला तडे गेलेले दिसले की तापमान थोडं बदलून पुन्हा सगळं करायचं. मग एक्सआरडीसाठी नंबर लावायचा, कधी दुसऱ्या शहरात सँपल पाठवायचं, आठवड्याने आलेल्या आलेखावरची पीक ओळखायची. रसायनशास्त्र नकोसं वाटणाऱ्याने हा रस्ता धरू नये, कारण अर्धं काम रसायनशास्त्राचंच आहे. संयम असेल आणि हाताला नीटनेटकेपणा असेल तर हा विषय फार समाधान देतो. सौर घट, गॅस सेन्सर, बॅटरीचे इलेक्ट्रोड ही सगळी कामं इथूनच निघतात.

रिन्युएबल एनर्जीच्या पेपरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अनेक ठिकाणी तो निव्वळ वर्णनाचा पेपर असतो: पवनचक्कीची आकृती, बायोगॅसची आकृती, फायदे-तोटे. मार्क मिळतात, शिकणं होत नाही. तुमच्या कॉलेजात सोलर सेलचा आय-व्ही आलेख काढायला लावत असतील, तापमान वाढल्यावर व्होल्टेज का पडतो ते मोजायला लावत असतील, तर जरूर घ्या. नसेल तर सोप्या मार्कांसाठी सेमिस्टर खर्च करू नका.

क्वांटमचं सध्या वारं आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, सहा हजार कोटींहून अधिक रक्कम त्यासाठी ठरली, आयआयटी मुंबईत क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आलं. संधी खरी आहे. पण तिचं दार लिनिअर अल्जिब्राने उघडतं. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, कॉम्प्लेक्स संख्या यांच्याशी मैत्री नसेल तर क्वांटम या नावाच्या पेपरात फक्त शब्द पाठ होतील.

आता दोन अशा वाटा सांगतो ज्यांकडे मुलं क्वचितच वळतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पहिली हवामानाची. आपलं राज्य पावसावर जगतं, आणि त्या पावसाचा अभ्यास करणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आपल्या पुण्यातच, पाषाणला आहे. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे अॅप तिथलंच. भारतीय हवामान विभागाचंही पुण्यात मोठं कार्यालय आहे. पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नोंदवते आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या नोंदी बिघडणार म्हणून ती तिथे उभारली गेली. हे सगळं शुद्ध भौतिकशास्त्र आहे. एफवायला शिकलेली लेटंट हीट हीच पावसाळी ढगाची ताकद असते. हवेचा एक पुंजका वर चढताना किती थंड होतो हे अॅडियाबॅटिक प्रक्रियेचं गणित आहे. उष्मागतिकी आवडणाऱ्या मुलाला वाटतं की इंजिनांपलीकडे तिचा उपयोग नाही. त्याला कोणीतरी ढगाकडे बोट दाखवायला हवं. ज्याच्या घरी शेती आहे, ज्याने पेरणी वाया गेलेली पाहिली आहे, त्याच्यासाठी तर या अभ्यासाला वेगळाच अर्थ आहे.

दुसरी वाट रुग्णालयात जाते. कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशन देताना किती मात्रा, कोणत्या कोनातून, किती वेळ, याचं नियोजन डॉक्टरांबरोबर मेडिकल फिजिसिस्ट करतो. रोज सकाळी रुग्ण येण्याआधी तो लिनिअर अॅक्सिलरेटरमधून नेमकी किती मात्रा बाहेर पडते आहे ते मोजून पाहतो. रेडिओथेरपीच्या केंद्रात असा माणूस आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी असणं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यासाठीचा नावाजलेला मार्ग म्हणजे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्समधली पदविका. तुम्ही टीवायच्या प्रॅक्टिकलला जीएम काउंटरवर व्यस्त वर्गाचा नियम तपासता, सीझियमचा ६६२ केईव्हीचा पीक काढता, तेच पुढे माणसाच्या जिवाशी जोडलं जातं. डॉक्टर व्हायचं राहून गेलं म्हणून बी.एस्सी.ला आलेली अनेक मुलं वर्गात असतात. त्यांना ही वाट कोणी सांगत नाही. मन शांत ठेवून तोच तपास रोज, एकही पायरी न गाळता करू शकणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

थिअरीबद्दल थोडंच बोलतो. कागद-पेन्सिलीवर दिवस काढायला आवडणारी मुलं संख्येने थोडी असतात, पण असतात, आणि घरचे त्यांना 'याने काय पोट भरणार' म्हणून घाबरवतात. अशा मुलांना माझा निरोप: बी.एस्सी.त थिअरी असा वेगळा ट्रॅक शोधू नका. क्लासिकल मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स या चार विषयांतली गणितं वहीवर स्वतः सोडवा. उत्तरं पाहून समजली म्हणजे सोडवता आली असं नाही.

आता फॉर्मवरच्या त्या रकान्याकडे येतो जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ज्यावर सगळ्यात कमी विचार होतो. मायनर. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय घेऊन पुढे एक मेजर आणि एक मायनर ठेवावा लागतो. इथे मुलं गणित सोडतात. कारणं नेहमीची: गणिताचे मार्क कमी पडले, अमुक सर कडक आहेत, मैत्रीण दुसरीकडे चालली आहे. कृपा करून असं करू नका. भौतिकशास्त्राची कोणतीही वाट धरा, दीड-दोन वर्षांत ती डिफरन्शियल इक्वेशन आणि व्हेक्टर कॅल्क्युलसपाशी येऊन थांबते. तिथे ज्याच्याकडे गणित आहे तो पुढे जातो, ज्याच्याकडे नाही तो पाठांतराकडे वळतो. शिवाय प्रवेशाच्या अटी असतात. एम.एस्सी.च्या अनेक चांगल्या संस्था पदवीला गणित शिकलेलं असावं अशी अट घालतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बी.एस्सी.साठीच्या प्रशिक्षणार्थी जागांच्या जाहिरातींतही मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय कोणते चालतील ते लिहिलेलं असतं. ज्या तीन-चार ठिकाणी पुढे जावंसं वाटतं, त्यांची माहितीपत्रकं फॉर्म भरण्याआधी वाचा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स मायनर ठेवायचंच असेल, तर गणित स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवा. गणितात तुम्हाला साठऐवजी पंचेचाळीस पडले तरी ते जवळ असणं चांगलं.

त्या मानाने इलेक्टिव्हची चूक भरून काढता येते, हेही सांगून ठेवतो, म्हणजे कोणी झोप उडवून घेणार नाही. आयआयटी जॅमचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पाहा. गणिती पद्धती, यांत्रिकी, तरंग आणि प्रकाश, विद्युत आणि चुंबकत्व, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकशास्त्र, घन अवस्था आणि इलेक्ट्रॉनिक्स. त्यात खगोलशास्त्राचा वेगळा विभाग नाही, नॅनोचा नाही. म्हणजे पुढच्या दारावर जी परीक्षा होते ती पायाभूत विषयांची होते, आणि ते विषय कोणताही ट्रॅक घेतला तरी सगळ्यांना सारखेच असतात. खरं स्पेशलायझेशन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुरू होतं आणि पीएच.डी.त पक्कं होतं.

गोविंद स्वरूप यांचं उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. खोडदची दुर्बीण उभी करणारे ते. १९५० मध्ये अलाहाबादहून एम.एस्सी. करून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली रुजू झाले. तिथे काम होतं चुंबकीय अनुनाद मोजण्यासाठी मायक्रोवेव्ह उपकरण जुळवण्याचं. खगोलशास्त्राशी त्याचा संबंध नव्हता. पण मायक्रोवेव्ह हाताळणारा हात तयार झाला होता, म्हणून १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला जायची संधी आली तेव्हा ते रेडिओ खगोलशास्त्रात सहज शिरले. पुढे त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. तो उतार पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसेल असा त्यांनी हेरला होता, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातल्या स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता आला. जीएमआरटीच्या अँटेना भरीव पत्र्याच्या न करता पोलादी तारांच्या जाळीच्या केल्या, त्यामुळे त्या हलक्या झाल्या, वारा त्यांतून निघून जातो, आणि आपल्याला परवडतील अशा खर्चात बसल्या. अशा कल्पना पेपरच्या नावातून मिळत नाहीत. दुसरं नाव वेंकटरामन रामकृष्णन यांचं. बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी., अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी., मग जीवशास्त्र, आणि २००९ चं नोबेल रसायनशास्त्रात. पाया पक्का असला की वळण कुठेही घेता येतं.

मग इलेक्टिव्ह निवडायचा कशावर? माझं उत्तर असं की तुमच्या कॉलेजात तो कसा शिकवला जातो त्यावर. हे शोधून काढणं अवघड नाही. प्रयोगशाळेत जा आणि त्या विषयाची उपकरणं पाहा. किती चालू आहेत, किती कपाटात बंद आहेत, ते लॅब असिस्टंटना आदराने विचारा. ते खरं सांगतात. टीवायच्या मुलांचं जर्नल मागून घ्या. आलेखावरचे बिंदू जरासे इकडेतिकडे असतील तर मुलांनी मोजलं आहे. सगळे बिंदू रेषेवर बिनचूक बसले असतील तर गेल्या वर्षीचं उतरवलं आहे. मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळा. शिकवणारे सर किंवा मॅडम स्वतः त्या विषयात काही काम करतात का ते बघा. खगोलशास्त्राचा पेपर नोट्स वाचून दाखवत शिकवला जात असेल आणि शेजारी ऑप्टिक्स मन लावून शिकवणाऱ्या मॅडम असतील, तर ऑप्टिक्स घ्या. मन लावून शिकवलेला कोणताही विषय विचार करायला शिकवतो.

तालुक्याच्या गावातली मुलं म्हणतील, आमच्याकडे निवड आहेच कुठे, विभागात शिक्षक तीन, जे दोन पेपर चालतात तेच सगळ्यांना. मला ही स्थिती माहीत आहे आणि ती बरोबर नाही. पण तिथेही वाट काढता येते. स्वयंम्‌वरचे कोर्स आता पदवीच्या क्रेडिटमध्ये धरता येतात. यूजीसीच्या नियमांत त्यासाठी ४० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, कॉलेजने आणि विद्यापीठाने काय मान्य केलं आहे ते विचारून घ्या. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा एनआययूएस हा उपक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेत आले आहेत. अर्ज करायला इंग्रजी फर्डं असावं लागत नाही. तुम्हाला काय करून पाहायचं आहे आणि आतापर्यंत काय करून पाहिलं आहे, हे साध्या वाक्यांत लिहिता आलं की पुरे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी या पायरीवर मागे राहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अर्ज नाकारला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा करा.

चौथ्या वर्षाचा प्रश्न वेगळा. संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या चौकटीत पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. चौथं वर्ष केलं की एम.एस्सी. एका वर्षात होते. पण आपल्या कॉलेजात संशोधन करून घेणारा माणूस आणि साधनं नसतील, तर ते वर्ष तिथे काढण्याऐवजी तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांच्या चांगल्या एम.एस्सी.ला जाणं अधिक शहाणपणाचं ठरेल.

घरच्यांशी दोन शब्द. बी.एस्सी.नंतर लगेच नोकरी हवी असेल तर ते मुलाला आत्ताच स्पष्ट सांगा, कारण त्यावर निवड बदलते. हवामान विभागातल्या सायंटिफिक असिस्टंटच्या जागा, अणुऊर्जा खात्यातल्या प्रशिक्षणार्थी जागा, उद्योगांतली टेस्टिंगची कामं यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचा हात असलेला बरा. बी.एड. करून शिक्षक व्हायचं असेल तर पायाभूत विषय आणि प्रॅक्टिकल यांवर भर द्यायला हवा. शाळेत प्रयोग करून दाखवणारा भौतिकशास्त्राचा शिक्षक ही आपल्या गावांची मोठी गरज आहे, आणि तो मार्ग नाइलाज म्हणून धरायचा मार्ग नाही. संशोधनाकडे जायचं असेल तर पोटापाण्याला लागायला वेळ लागेल. तो वेळ आपण देऊ शकतो का, हे आईवडिलांनी आणि मुलांनी एकत्र बसून ठरवावं. घरची ओढाताण लपवून मुलाला मोठ्या वाटेवर ढकलणं जितकं चुकीचं, तितकंच तिच्या डोळ्यांतली चमक दिसत असूनही मुलीला 'लग्नाआधी होईल तेवढं' म्हणून अडवणं चुकीचं. टेलिस्कोपवर, भट्टीपाशी, रुग्णालयात आज मुली काम करतात. रात्री थांबावं लागलं तर ती व्यवस्था संस्थेकडे मागा. मुलीचा विषय बदलू नका.

शेवटी विभागप्रमुखांना आणि शिक्षकांना आवाहन. फॉर्म वाटण्याच्या आधीच्या आठवड्यात एक दुपार प्रयोगशाळा एसवायच्या मुलांसाठी उघडी ठेवा. प्रत्येक इलेक्टिव्हचं एक उपकरण चालू करून ठेवा आणि मुलांना स्वतः एखादं मापन घेऊ द्या. टीवायची दोन मुलं शेजारी उभी करा, आणि वर्षभर काय केलं, काय कंटाळवाणं होतं, ते त्यांना मोकळेपणी सांगू द्या. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हवामान विभागात असेल, रुग्णालयात असेल, चाकणला असेल, तर त्याला फोन करून बोलवा. असे माजी विद्यार्थी बोलावलं की येतात. यासाठी वेगळा निधी लागत नाही, ठराव लागत नाही. हे मात्र मुदतीची नोटीस लागायच्या आधी करा.